घंटागाडी आणि डांबर : आमच्या नगरपालिकेच्या दोन सेवांचे परीक्षण

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या शहरात घरपट्टी भरणारा रहिवासी या नात्याने मी येथे नगरपालिकेच्या दोन सेवांचे परीक्षण करीत आहे: दारोदार फिरणारी घंटागाडी आणि तिच्या चाकांखालचा रस्ता. शहराचे नाव मुद्दाम देत नाही. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील आणखी काही शहरांत आप्तस्वकीय असल्यामुळे, जे आमच्याकडे दिसते तेच थोड्याफार फरकाने तेथेही दिसते हे मला ठाऊक आहे. शिवाय नाव घेतले की चर्चा सेवेवरून घसरून पक्षावर आणि पुढाऱ्यावर जाते, आणि मला बोलायचे आहे ते गटार, तिच्यावर झाकलेले ढापे, डबे आणि खडी यांविषयी.

निमित्त झाले ते गेल्या सर्वसाधारण सभेचे. राज्यातील बहुसंख्य नगरपालिकांप्रमाणे आमच्याकडेही काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर सभागृहात पुन्हा नगरसेवक बसू लागले आणि विषयपत्रिका पुन्हा मोठ्याने वाचली जाऊ लागली, ही गोष्ट कोणी कितीही नाके मुरडली तरी चांगलीच झाली. या सभेत अंतर्गत रस्त्यांची सुधारणा आणि घनकचरा संकलनाच्या ठेक्याला मुदतवाढ असे दोन विषय लागोपाठ होते. रस्त्यांच्या विषयावर जवळजवळ प्रत्येक सदस्य बोलला, कारण रस्ता आपल्या प्रभागात बोट करून दाखवता येतो, त्याचे भूमिपूजन होते, नारळ फुटतो आणि फलक लागतो. कचऱ्याचा विषय मात्र ‘मंजूर, मंजूर’ अशा दोन-तीन आवाजांत आटोपला. माझे म्हणणे असे आहे की हे दोन विषय मुळात वेगळे नाहीतच. आमच्याकडचे कित्येक खड्डे गटारीत अडकलेल्या कचऱ्यामुळे पडतात, आणि ज्या गल्ल्यांतून कचरा उचलला जात नाही त्यांतल्या बऱ्याच गल्ल्यांत गाडी शिरू शकत नाही ती रस्त्यामुळे. दोन्ही विषयांना एकच टिप्पणी जोडली असती तर सभा अधिक उपयोगाची झाली असती.

आधी घंटागाडीविषयी, आणि त्यातही आधी चांगले ते सांगतो. गाडी येते. दिवाळीच्या पाडव्याला येते, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी येते, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलेला असताना उन्हे तापण्याच्या आत फेरी उरकण्यासाठी नेहमीपेक्षा लवकरही येते. पूर्वी आमच्या चौकात जी सिमेंटची कुंडी होती, जिच्याभोवती डुकरे, मोकाट गुरे आणि पाय ठेवायला जागा नसलेला चिखल असे, ती काढून टाकल्यापासून तो कोपरा ओळखू येत नाही. तेथे आता रिक्षा उभ्या राहतात. चालक आणि त्याचा मदतनीस दोघेही अदबीने बोलतात, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खाली उतरता येत नसेल तर ओट्यावरून डबा उचलून आणतात. यासाठी त्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत. हातमोजे तर मला त्यांच्या हातात फक्त २ ऑक्टोबरच्या आसपास, छायाचित्रे निघत असताना, दिसले. नियमितपणाला मी पाचपैकी चार तारे देतो आणि ते पूर्णपणे या दोघांच्या खात्यावर जमा करतो.

पाचवा तारा राखून ठेवला आहे तो वेळापत्रकासाठी. सकाळची फेरी ज्यांच्या सोयीची आहे ते लोक घरी असणारे आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत, केळीच्या मळ्यात घड उतरवण्याचे काम असताना किंवा जिनिंगची पहिली पाळी धरायची असताना नवरा-बायको दोघेही गाडीच्या आधीच घराबाहेर पडतात. मग पिशवी फाटकाला टांगली जाते, कुत्री ती ओढतात, आणि उरलेले वाऱ्याने गटारीत जाते. ‘लोकांना शिस्त नाही’ असे सभेत एक सदस्य म्हणाले. संध्याकाळची एक फेरी, तीही फक्त मजूरवस्तीच्या प्रभागांत, सुरू करून पाहिल्याशिवाय हा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

आता विलगीकरण. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी तीन प्रकारची विभागणी घरातच करण्याचे बंधन घातले, आणि तेव्हापासून गाडीवरचे गाणे तेच सांगत फिरते आहे. आमच्या गाडीच्या मागच्या पेटीला मधोमध पत्र्याचा पडदा आहे. एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला निळा. मदतनीस प्रत्येक दारात सांगतो, ‘माय, ओला येगया दे वं, सुका येगया दे.’ बाया देतातही. आमच्या गल्लीत दोन डबे न ठेवणारे घर शोधावे लागेल. तरीही कचरा एक होतो, आणि तो कसा होतो हे एकदा गाडीमागून चालत जाऊन पाहण्यासारखे आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंची जागा सारखी केलेली आहे, पण खान्देशातल्या घरातून निघणारा कचरा तसा निघत नाही. केळीची आणि पपईची साले, उन्हाळ्यात टरबुजाच्या फोडी, पावसाळ्यात मक्याच्या कणसांची सोललेली पाने, हिवाळ्यात भरताच्या वांग्यांची जळकी साले आणि कांद्याच्या पातीचे बुडखे, असा ओल्या कचऱ्याचा पसारा सुक्यापेक्षा कितीतरी अधिक. हिरवी बाजू तिसऱ्या-चौथ्या गल्लीतच काठोकाठ भरते, निळी बाजू अर्धी रिकामी असते, आणि पुढच्या घरासमोर उभा असलेला मदतनीस ओला डबा निळ्या बाजूत उपडा करतो. मी त्याला विचारले तेव्हा त्याने पत्र्यावर हात आपटून दाखवला आणि म्हणाला, ‘काय करो भाऊ, इकडे जागाच नई.’

हा दोष नागरिकांचा नाही, मदतनिसाचाही नाही. पेटी ज्याने आखली त्याचा आहे. पडदा एक हात सरकवला, किंवा ओल्यासाठी रोज आणि सुक्यासाठी आठवड्यातून दोनदा अशी वेगळी फेरी ठेवली, तर काम बरेचसे मार्गी लागेल. यासाठी नवीन गाड्यांची खरेदी लागत नाही, वेल्डिंगवाला लागतो. घातक कचऱ्यासाठी, म्हणजे जुने सेल, फुटलेले बल्ब, मुदत संपलेली औषधे यांसाठी गाडीच्या मागे एक छोटी लाल पेटी आहे खरी, परंतु तिचे झाकण तारेने बांधून टाकलेले आहे, कारण बिजागरी निखळल्यापासून ते रस्त्यावर आपटत असे. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यावेत असे नियम सांगतो. ते घ्यायला वेगळी जागाच नसल्यामुळे बायका ते संकोचाने सुक्यात लपवून देतात आणि कचरा डेपोवर भंगार वेचणारी माणसे ते उघड्या हातांनी उचलतात. विलगीकरणाला मी एकही तारा देत नाही.

दाराशेजारी लावलेल्या क्यूआर कोडच्या पाट्यांबद्दलही लिहिले पाहिजे. कर्मचाऱ्याने घरासमोर आल्यावर मोबाइलवर तो कोड स्कॅन करायचा, म्हणजे त्या घरचा कचरा उचलल्याची नोंद होते, अशी ती योजना आहे आणि कागदावर ती उत्तम आहे. व्यवहारात मदतनिसाच्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात मोबाइल अशी कसरत होते. उन्हाने फिके पडलेले कोड मोबाइलला वाचता येत नाहीत. आणि कुलूपबंद घराचा कोडही स्कॅन होतो, कारण मुकादमाला संध्याकाळी टक्केवारी पाठवायची असते. आमच्या शेजारचे कुटुंब मुलाकडे पुण्याला गेलेले असताना त्यांच्या घरचा कचरा रोज ‘उचलला’ जात होता. नोंद जर कोड स्कॅन केल्याची होत असेल तर कोड स्कॅन होतील, कचरा उचलल्याची होत असेल तर कचरा उचलला जाईल, एवढी साधी गोष्ट ठेका लिहिणाऱ्याला कळायला हवी होती. हाच विचार वजनाच्या बाबतीतही करावा लागतो. ठेकेदाराला टनामागे पैसे देण्याची पद्धत असेल तर ओला, मातीमिश्रित, पाण्याने निथळणारा कचरा त्याला परवडतो आणि वेगळा केलेला हलका सुका कचरा अंगावर पडतो. बांधकामाचा राडारोडा तर वेगळ्या नियमांखाली येतो, त्यासाठी २०१६ मध्येच स्वतंत्र नियम झाले. पण वजनकाट्याला वीट आणि वांगे यांतला फरक कळत नाही. मुदतवाढीच्या ठरावात टनाऐवजी घरांच्या संख्येवर आणि विलगीकरणाच्या तपासणीवर देयक ठरवण्याची अट घालता आली असती. तो मुद्दा कोणीच उपस्थित केला नाही.

आठवडे बाजाराच्या दिवशी या सेवेची खरी परीक्षा होते. संध्याकाळी पाल उठल्यावर मुळ्याची पाने, कोबीचे पाले, सडके टोमॅटो आणि केळीच्या घडांचे दांडे यांचा थर रस्ताभर पसरलेला असतो. नियमांप्रमाणे विक्रेत्याने स्वतःजवळ डबा ठेवून कचरा नेमलेल्या ठिकाणी टाकायचा असतो. तसे ठिकाण बाजारात नेमलेलेच नाही, त्यामुळे विक्रेत्यांवर पावती फाडण्याचा नैतिक अधिकार पालिकेला कसा पोहोचतो हे मला उमगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर येतो, पण मधल्या रात्रीत जनावरे पोटभर खातात, उरलेला पाला गटारीत जातो आणि गटार तुंबते. खरे तर शहरातला सर्वांत स्वच्छ, कशातही न मिसळलेला ओला कचरा हाच आहे. बाजार उठताच तासाभरात ट्रॉली लावली तर तो थेट खताच्या खड्ड्यात जाऊ शकतो.

खताचे गिऱ्हाईक आमच्या शिवारातच आहे, हे आणखी विशेष. शहरी कचऱ्यापासून केलेल्या प्रमाणित खतासाठी राज्य शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे व्यापारचिन्ह दिलेले आहे आणि केळीला सेंद्रिय खत किती लागते हे रावेर-यावल पट्ट्यातील कोणत्याही बागाइतदाराला विचारावे. आमच्या पालिकेच्या डेपोवरचे खत मात्र एका परिचित शेतकऱ्याने पाहिले आणि घेतले नाही. त्याने मूठभर खत तळहातावर पसरून बोटाने चाचपले. त्यात दुधाच्या पिशवीचा निळा कोपरा, शाम्पूच्या पुडीची पट्टी आणि काचेचे दोन बारीक तुकडे निघाले. ‘आमच्या शेतात मजूर अनवाणी चालतात,’ एवढेच तो म्हणाला. पडदा चुकीच्या जागी बसवला त्याची किंमत शेवटी अशी वसूल होते. डेपोविषयी अधिक लिहीत नाही: जुन्या ढिगाचे चाळणी लावून विलगीकरण सुरू आहे, उन्हाळ्यात ढीग आतल्या आत पेटतो, आणि पश्चिमेचे वारे सुटले की धूर आमच्या वसाहतीवरून जातो.

आता रस्ता. येथे थोडे जमिनीपासून सुरुवात करावी लागते. आपले शहर कापसाच्या काळ्या मातीवर वसलेले आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात हा गुण उपकारक असतो, पण रस्त्याच्या पोटात तोच घात करतो. म्हणून अशा जमिनीवर रस्ता करताना वरची माती काढून मुरमाचा जाड थर, मग खडीचे थर आणि सर्वांत शेवटी डांबर असा क्रम लागतो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे पाणी या थरांत शिरू न देण्याची व्यवस्था लागते. खान्देशात पाऊस काही कोकणासारखा नाही, सरासरी सहा-सातशे मिलिमीटर. तरीही जुलैमध्येच आमच्या रस्त्यांची चाळण होते, याचा अर्थ दोष पावसाच्या प्रमाणात नसून पाणी साचून राहण्यात आहे. साचलेले पाणी खडी आणि डांबर यांची पकड सोडवते, वरून ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की ते दाबाने आत घुसते, खडी सुटते आणि खड्डा पडतो. डांबरी रस्ता मध्यभागी कडेपेक्षा शेकडा दोन ते अडीच इतका उंच असावा, म्हणजे चार मीटर रुंदीच्या गल्लीत मध्य कडेपेक्षा चार-पाच सेंटिमीटर वर, असा सर्वमान्य नियम आहे. आमच्या गल्लीत दोरी धरून पाहिली तर मध्यभागच खाली निघेल.

पण समजा उंची बरोबर ठेवली, तरी पाणी जायचे कुठे? कडेच्या गटारीवर ढापे, ढाप्यांवर दुकानांच्या पायऱ्या, आणि ढाप्यांखाली तोच कचरा: फाटकाला टांगलेल्या पिशव्यांतला, बाजारातला, निळ्या-हिरव्या पेटीतून उडालेला. मागच्या पावसाळ्यापूर्वी आमच्या कोपऱ्यावरचा एक ढापा उचलला गेला तेव्हा खाली पाणी दिसलेच नाही. पिशव्या, पाऊच, नारळाच्या शेंड्या आणि घट्ट गाळ यांनी गटार गच्च भरलेली होती, आणि काढलेला गाळ नेहमीप्रमाणे रस्त्याच्या कडेला ठेवून दिला गेला. पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा आत गेला. त्या जागेपासून दहा पावलांवर जो खड्डा आहे तो दरवर्षी बुजवला जातो आणि दरवर्षी त्याच जागी पडतो. अभियंता विभाग खड्डा बुजवतो, आरोग्य विभाग गटार पाहतो, आणि दोघांची बिले वेगवेगळ्या लेखाशीर्षाखाली निघतात.

कामाच्या दर्जाबद्दल एक जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. जुन्या पृष्ठभागावर नवा डांबरी थर बसवण्यापूर्वी तो झाडून, धूळ पूर्ण काढून, त्यावर पातळ डांबराचा फवारा मारायचा असतो; त्याला सगळे टॅक कोट म्हणतात. हा फवारा यंत्राने, सारखा, पातळ थर बसेल एवढाच मारणे अपेक्षित आहे. आमच्याकडे दोन मजूर खराट्याने धूळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलत होते आणि तिसरा तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यातून डांबराच्या नक्षीदार रेघा ओढत होता. रेघांच्या मधली जागा कोरडी, धुळीची. त्यावर पडलेला थर पहिल्या उन्हाळ्यात काळाभोर आणि सुंदर दिसला, दुसऱ्या वर्षी पापुद्र्यासारखा सुटला. आपल्याकडच्या उष्म्याला कोणत्या प्रतीचे डांबर चालते हेही ठरलेले आहे. भारतीय मानकांत ‘व्हीजी-३०’ आणि त्याहून घट्ट ‘व्हीजी-४०’ अशा प्रती तापमानाच्या हिशेबाने दिलेल्या आहेत, आणि अंदाजपत्रकात ती प्रत लिहिलेली असते. टँकरबरोबर आलेले चलन कोणी मागून पाहत नाही, एवढाच फरक.

आणखी एक. थरावर थर चढवण्याच्या पद्धतीमुळे रस्ते उंच आणि घरे खाली चालली आहेत. ज्या ओट्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या त्याला आता एक उरली आहे, आणि जोराच्या पावसात पाणी उंबऱ्याला लागते. नवीन थरापूर्वी जुना खरवडून काढण्याची यंत्रे आहेत, मोठ्या महामार्गांवर ती रोज चालतात. सभेत एका ज्येष्ठ नगरसेविकेने हा प्रश्न मांडला आणि त्याच ओघात विचारले, ‘साहेब, रस्ता तुम्ही करणार, पण आधी गटार मोकळी कोण करणार?’ संपूर्ण चर्चेतले माझ्या मते हे सर्वांत मोलाचे वाक्य होते. उत्तर मिळाले ते ‘तो विषय आरोग्य विभागाचा आहे’ असे. हे उत्तर इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवले जावे, अशी माझी इच्छा आहे.

चर्चेचा बराच वेळ डांबरी की काँक्रीट यात गेला. बहुसंख्य सदस्यांचा कल काँक्रीटकडे होता, कारण ‘वीस-पंचवीस वर्षे बघावे लागत नाही’. काँक्रीट चांगलेच, परंतु त्याला घातल्यानंतर आठवडे-दोन आठवडे सतत ओले ठेवावे लागते आणि त्याची ठरलेली ताकद अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने मोजतात. मार्चअखेरीस निधी खर्ची घालण्याच्या धांदलीत, एप्रिल-मेच्या उन्हात, ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते तेथे रस्त्यावर आळी करून पाणी कोण भरणार? मागे एका गल्लीत गोणपाट अंथरलेले दिसले, ते दुपारपर्यंत पापडासारखे कडक झालेले होते. शिवाय काँक्रीट झाल्यानंतर नव्या नळजोडणीसाठी ते फोडावेच लागते, आणि फोडलेली चारी मातीने बुजवली जाते. अरुंद गल्ल्यांसाठी, जेथे जड वाहन जात नाही, पेव्हर ब्लॉक मला अधिक शहाणपणाचे वाटतात: काढता येतात, पाइप दुरुस्त करून पुन्हा बसवता येतात. अट एकच की खालचा मुरूम नीट दाबलेला असावा, नाही तर काळी माती त्यांना वर्षभरात लाटांसारखे करून टाकते. धुळ्याची जुनी पेठ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्ज यांनी सरळ, समांतर गल्ल्यांनी आखली, म्हणून तेथे गटारीला उतार देणे आणि गाडी फिरवणे तुलनेने सोपे; आमचे गावठाण वाड्या-बोळांनी वाढलेले, तेथे एकच नमुना सगळीकडे लावणे हा हट्ट आहे.

पैशाचा प्रश्न आहे, हे मान्य. पण पैशाची रचनाही पाहिली पाहिजे. नव्या रस्त्यांसाठी राज्य शासनाची नगरोत्थान योजना आहे, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी आहे, जिल्हा नियोजनातून तरतूद होते. दुरुस्तीसाठी मात्र पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाकडे, म्हणजे घरपट्टीकडे पाहावे लागते. त्यामुळे खड्डा लहान असताना बुजवण्यापेक्षा रस्ता पूर्ण मरेपर्यंत थांबून नवा करणे हिशेबाला सोयीचे पडते. कचऱ्याच्या बाबतीत उलट आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालील शहरांना जे अनुदान दिले त्यातील तीस टक्के स्वच्छता आणि घनकचरा यांसाठी आणि तीस टक्के पाण्यासाठी बांधलेले होते, चाळीस टक्के मोकळे. म्हणजे गाडीचा पडदा सरकवायला आणि लाल पेटीची बिजागरी बसवायला पैसा नव्हता, हे कारण टिकत नाही. रस्त्यांना मी दीड तारा देतो. अर्धा तारा गेल्या वर्षी झालेल्या स्टेशन रोडसाठी, ज्याच्या दोन्ही बाजूंची गटार आधी बांधली गेली आणि जो म्हणूनच पहिल्या पावसाळ्यात तसूभरही हलला नाही. तो रस्ता त्याच अभियंत्यांनी आणि त्याच खाणीच्या खडीने केला आहे.

सभेत प्लास्टिकच्या रस्त्याचीही एक सूचना आली. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत टाकाऊ प्लास्टिकचे बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकून मग तिच्यावर डांबर चढवतात; त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि देशात अनेक ठिकाणी असे रस्ते झालेले आहेत. सूचना वाईट नाही. मात्र त्यासाठी धुतलेले, सुकलेले, वेगळे केलेले प्लास्टिक लागते, आणि आमचे प्लास्टिक सध्या टरबुजाच्या सालींखाली किंवा ढाप्यांखाली आहे. पडदा सरकल्यानंतर या विषयावर बोलू.

जे वाचक आपापल्या शहरात हाच अनुभव घेत असतील त्यांच्यासाठी तक्रार-सेवेविषयी थोडे लिहितो, कारण तीही सेवाच आहे. खड्ड्याची तक्रार करण्यापूर्वी तो रस्ता कोणाचा आहे हे पाहावे. शहरातून जाणारा मुख्य रस्ता पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्गाकडे असतो आणि पालिकेतला लिपिक तेवढेच सांगून आपल्याला परत पाठवतो. पालिकेचाच रस्ता असेल तर त्याच्या कामाचा दोषदायित्व कालावधी विचारावा. या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मुदत संपण्याची वाट पाहत तक्रार फायलीत ठेवली तर तोच खर्च आपल्या घरपट्टीतून होतो. मुदत किती आणि ती कधी संपते हे कार्यारंभ आदेशात आणि करारनाम्यात असते, आणि प्रत्यक्ष किती जाडीचा थर टाकला ते मोजमाप पुस्तिकेत. या सगळ्यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात, तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. आमच्या पालिकेचे आवक-जावक टेबल दुपारी जेवणाच्या सुटीनंतर बरेच उशिरा उघडते, तेव्हा सकाळीच जावे, तक्रार तोंडी सांगू नये, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये. अर्ज शक्यतो दोन करावेत, एक अभियंता विभागाच्या नावे खड्ड्याचा आणि एक आरोग्य विभागाच्या नावे त्याच्याशेजारच्या गटारीचा, आणि प्रत्येकात दुसऱ्याचा आवक क्रमांक लिहावा.